भासरे, मी आणि मांजरीचं घमेलं

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नसत, आणि त्यांचं भांडणही नव्हतं. एक मी, दुसरे आमचे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते दिसले की डोक्यावर पदर घ्यायचा. ते बसले असतील त्या खाटेला हात लावायचा नाही. ताट वाढून ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हे सांगितलं आणि मी पाळलं. पाळणं सोपंच होतं. भासरे चिखल्याच्या खाणीत नोकरीला, राहायला तिथल्याच कॉलनीत, आणि आम्ही भंडाऱ्यात. सणावारी गाठ पडायची. पदर घ्यायचा आणि दोन दिवस गप्प राहायचं, एवढं तर मलाही जमतं. जमत नाही असं ह्यांचं म्हणणं आहे, पण दुकानात गिऱ्हाइकांपुढे अखंड बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं किती मनावर घ्यायचं?

मग भासरे रिटायर झाले. जाऊबाई आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, क्वार्टर सोडायचं होतं. हे जाऊन त्यांना घेऊन आले. एक ट्रंक, एक गादी, आणि तोंड बांधलेल्या टोपलीत एक मांजर.

मांजर भुरी, अंगानं भरलेली, एक कान जरा फाटका. टोपलीतून उतरली आणि घरभर फिरून तिनं असं काही बघितलं, की मला एकदम वाटलं, भांडी आणखी घासायला हवी होती.

चिखल्याला तिचं सगळं क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत व्हायचं. इथं दार उघडलं की रस्ता, रस्त्यावर ऑटो, एसटी आणि गल्लीतली कुत्री. ती उंबऱ्याबाहेर पाय टाकेना, परसातही नाही. म्हणून भासऱ्यांनी एक जुनं लोखंडी घमेलं घेतलं, त्यात परसातली माती भरली आणि आपल्या खोलीबाहेर व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवलं. मांजर आली, वास घेतला, काम उरकलं, वरून माती ओढली आणि निघून गेली. प्रश्न सुटला. मी मधे पडले नसते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण त्या घमेल्यातून निघालेले मातीचे पाय व्हरांडा ओलांडून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचे. मी फरशी पुसायची, ती परत उमटवून जायची. सांगायचं कोणाला? भासरे तिथंच, स्वयंपाकघराच्या दाराच्या पडद्यापलीकडे खाटेवर पेपर वाचत बसलेले. शेवटी मी मांजरीलाच धरलं.

"काय वो बाई," मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, "चिखल्याले फरशा नव्हत्या काय? पाय पुसून येत जा ना!"

पेपरचा आवाज थांबला. पलीकडून उत्तर आलं, तेही मांजरीलाच.

"ऐकलं काय माय? जुळवून घ्या लागते. दुसऱ्याचं घर आहे."

'दुसऱ्याचं घर' हे ऐकायला मला बरं वाटलं नाही. पण त्यावर काही म्हणायचं तर मांजर एव्हाना गच्चीवर गेली होती.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. मांजरीला मी सांगायचे की आज भाजी वांग्याची आहे. मांजरीला ते सांगायचे की डॉक्टरनं वांगं खाऊ नको म्हटलं आहे. मांजर वांगंही खात नव्हती आणि डॉक्टरकडेही गेली नव्हती, पण ऐकून घ्यायची. ती नसेल तेव्हा ह्यांच्यामार्फत निरोप. आता सकाळी दिलेल्या निरोपातला निम्मा भाग, ह्यांनी दुकान बंद करून घरी येईपर्यंत, वाटेतच सांडलेला असतो.

भासरे एकदा जुन्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला चार-सहा दिवस चिखल्याला गेले. मला वाटलं, हीच वेळ. भात भरडण्याच्या गिरणीतून पोतंभर तूस आणलं. तूस म्हणजे धानाची टरफलं, आमच्या जिल्ह्यात त्याला काही तोटा नाही. माती फेकली, घमेलं तुसानं भरलं. हलकं, कोरडं, पायाला चिकटत नाही. मांजरीनं आधी घमेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग दिवसभर विचार केला. दुसऱ्या दिवशी जाऊन बसली. फरशी स्वच्छ! पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला मी फोन करून सांगितलं, की तुमच्या तिकडचे लोक मांजरीसाठी मातीच्या पिशव्या विकत आणतात, तुझी आई बघ.

भासरे परत आले, घमेलं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोलणार कसे? संध्याकाळी तूस परसात आणि माती घमेल्यात. त्यांना वाटलं, माती संपली म्हणून मी तूस भरलं असेल. दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेले की मी पुन्हा तूस भरलं. मला वाटलं, त्यांना तुसाची जादू कळली नसेल. पुढे मी ह्यांच्याबरोबर निरोप पाठवला की घमेलं जिन्याखाली राहू द्या. घमेलं जिन्याखाली मी नेलं की दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात. पुन्हा नेलं की पुन्हा व्हरांड्यात. एकदा तर ते संडासाशेजारी पाण्याच्या मोटारीजवळ सापडलं. मोटार सुरू होते तेव्हा माणूससुद्धा दचकतो. मांजर तर त्या घमेल्यातून उडाली ती थेट देवघरावर.

मग सुरू झालं. फ्रिजच्या मागे. पायपुसण्यावर. ह्यांच्या उजव्या बुटात. डावा तिनं कधी वापरला नाही, हे तिचं तत्त्व. मी वास मारायला घमेलं फिनाईलनं धुवायला लागले, तर ती आणखीच लांब जायला लागली.

एवढ्यात आमच्या आंबागडच्या शेतावरचं नवं धान आलं. वाळायला गच्चीवर टाकलं होतं, पण आभाळ भरून आलं म्हणून गड्याकडून घाईघाईनं खाली आणवलं आणि मधल्या खोलीत ताडपत्रीवर पसरलं. नव्या तांदळाचा भात आधी देवाला दाखवायचा आणि मग घरानं खायचा, त्यासाठीचं ते धान. मी दार नुसतं लोटलं होतं.

आता मांजरीच्या बाजूनं बघा. मी तिला चांगलं शिकवलं होतं की टरफलं दिसली की तीच जागा. आणि इथं तर पूर्ण खोली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घमेल्यात मावत नव्हतं म्हणून घरानं तिच्यासाठी एवढी मोठी सोय केली, असंच तिला वाटलं असणार. तिनं एक कोपरा निवडला, नीट उकरलं, नीट झाकलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याकडे खुशीनं बघत बाहेर आली.

मी मात्र पेटले. हे जेवायला आले होते. मी म्हटलं, "आता या घरात एक तर ही राहील, नाहीतर मी! देवाचं धान नासवलं हो!"

पडदा होता, भिंत नव्हती.

हे पानावरून उठून हात धुवायला गेले. मग भासऱ्यांचा आवाज आला, अगदी हळू, मांजरीशी.

"चाल माय. आपलं गाव आपल्याले बरं."

संध्याकाळी त्यांनी ह्यांना सांगितलं, चिखल्याला कॉलनीच्या बाहेर खोली भाड्यानं मिळते, सकाळच्या एसटीनं जातो. हे म्हणाले, दादा असं काय करता. दादा म्हणाले, मांजर नाई ऐकत, आनि मी तिले नाई सोडत. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. साठी उलटलेला माणूस, बायको गेलेली, त्याला मी घराबाहेर काढलं होतं, आणि तेही मांजरीचं नाव घेऊन.

लेकीला फोन केला. ती तिच्या तिकडच्या मांजरवाल्या मैत्रिणींमुळे शहाणी झालेली.

"आई, डब्यात काय असतं? माती की तूस?"

"सकाळी माती, दुपारी तूस."

"कुठे असतो?"

"ते रोज बघावं लागतं."

"साफ कोण करतं?"

"मी."

"काका नाही करत?"

"मला काय माहीत? मी कसं विचारू?"

"तोंडानं," लेक म्हणाली.

सकाळी हे ऑटो आणायला गेले. व्हरांड्यात ट्रंक, दोरी आवळलेली गादी, उघड्या तोंडाची टोपली. भासरे खोलीच्या दारात उभे. मी डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हातांत घमेलं घेतलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय वो बाई..." मी सुरुवात केली आणि इकडंतिकडं बघितलं. मांजर नव्हती. खाटेखाली नव्हती, कपाटावर नव्हती. भासऱ्यांनीही तेच केलं, आधी टोपलीत बघितलं, मग छताकडे. निघायच्या गडबडीत ती कुठं तरी जाऊन दडली होती, आणि आम्ही दोघं तिच्यावाचून उभे. त्यांना काय हाक मारायची तेही कधी ठरलं नव्हतं. हे म्हणतात तेच तोंडातून निघालं.

"दादा, हे घमेलं तुम्ही धुता काय?"

ते भिंतीकडे बघायला लागले. घसा खाकरला. "हाव. सकाळी. फिरून आलो का."

"कायनं?"

"कपड्याच्या साबनानं."

"मी दुपारी फिनाईलनं धुते."

आता त्यांची नजर भिंतीवरून घमेल्यावर आली. "रोज?"

"रोज."

"तरी म्या म्हटलं, येवढा वास कायचा येऊन राहिला! आपलंच डोकं दुखते, तिले तर नाक आहे." मग म्हणाले, "आनि जिन्याखाली काहून नेता तुमी? तुमीच सांगतलं ना, व्हरांड्यात ठेवा म्हनून."

"मी जिन्याखाली म्हटलं होतं!"

"त्यानं मले व्हरांडा सांगतला."

"आणि मोटारीजवळ?"

"तेबी त्यानंच सांगतलं. तुमची तशी मर्जी आहे म्हने."

आम्ही दोघांनी एकदम फाटकाकडे बघितलं. ज्यांच्याबद्दल बोलत होतो ते अजून ऑटो घेऊन यायचे होते, हे त्यांचं नशीब.

पण मुख्य गोष्ट तशीच राहिली होती. घमेलं माझ्या हातात जड व्हायला लागलं होतं.

"काल बोलली ते मांजरीले होतं," मी म्हटलं. "तुम्हाले नव्हतं."

"मांजर माहीच आहे ना," ते म्हणाले. रागानं नाही. जसं आहे तसं.

"मांजर तुमची. पण धान तिनं एकटीनं नाही नासवलं. तूस मी शिकवलं, माती तुम्ही शिकवली. तिनं काय करावं?"

ते वाकले, माझ्या हाताला हात लागू न देता घमेल्याची दुसरी कड धरली आणि म्हणाले, "जिन्याखालीच ठेवू. तिथं मोटारीचा आवाज नाई येत."

आम्ही दोन कडा धरून ते घमेलं जिन्याखाली नेलं. एवढ्याशा घमेल्याला दोन माणसं लागत नाहीत, पण सोडायचं कोणी? त्यांनी माती चाळून आणली, कोरडी. मी म्हटलं, पायाला लागते. ते म्हणाले, समोर एक पोतं टाका, पाय तिथं झडतील. हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं, पण मी तसं कबूल केलं नाही. साफ ते करतील, धुवायचं झालं तर साध्या पाण्यानं. साबण नाही, फिनाईल नाही. तूस सगळं शेजारणीच्या चुलीत. धानाच्या खोलीला कडी.

हे ऑटो घेऊन आले तेव्हा आम्ही दोघं जिन्याखाली उकिडवे बसून पोतं सरळ करत होतो.

"कोण बोलून राहिलं?" ह्यांनी विचारलं, आणि आम्हाला बघून तिथंच थबकले. ऑटोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

"त्याले जाऊ दे," भासरे म्हणाले. "आनि तू बस इथं. तुयाशी बोलाचं आहे."

मांजर दुपारी पोटमाळ्यावरून उतरली. त्या दिवशी तिनं घमेल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मधे दोन वेळा ह्यांचा बूट झाला, उजवाच. मग हळूहळू ती घमेल्यात जायला लागली आणि जातच राहिली. देवासाठी नवं धान शेजाऱ्यांकडून आणलं, आमचं बाजूला काढलं. त्याचं पुढे काय केलं ते पाहुण्यांना मी सांगत नाही.

गादी सोडली, ट्रंक खोलीत गेली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा पहिल्यासारखं गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर पडदा बाजूला झाला. पूर्वी कधी झाला नव्हता.

"चहा मले बिनसाखरेचा लागते," भासरे दारातून म्हणाले. "आल्यापासून त्याले सांगून राहिलो, तो तुम्हाले सांगतच नाई."

आल्यापासून! मी रोज दोन चमचे टाकत होते. पदर घसरला होता तो सावरला, हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, "अजून काही, दादा?"

"हाव," ते म्हणाले, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून निवांत बसले.