नांगरवाल्यापासून सात पावलं

डहाणूत खाडीच्या बाजूला गोऱ्या लोकांची जुनी दफनभूमी आहे. आम्ही तिला साहेबांची वाडी म्हणतो. चिकूची वाडी असते तशीच, फक्त आत साहेब. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला स्वस्थ बसवेना, म्हणून मी या वाडीच्या मागे लागले. दोन मजूर लावून झुडपं तोडली, थडग्यांचे कललेले दगड उपटून समुद्राकडच्या भिंतीलगत एका ओळीत उभे केले. वर्गातली मुलं उभी करावीत तसे. तापाने गेलेली एक मडमीण, दीपगृहाचा रखवालदार, जुळ्या बहिणी. प्रत्येकापुढे मराठीत पाटी लावली.

जहाजाचा नांगर कोरलेला दगड मात्र आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना आधीपासून ठाऊक. नांगरवाला. मोठा दर्यावर्दी असणार, असं सगळे धरून चाललेले. मी अक्षरं घासूनपुसून वाचली, तर तो निघाला मीठखात्याचा कारकून. त्यांच्यात नांगर ही आशेची खूण असते म्हणे. मला हसू आवरेना. मी ते पाटीवर ठसठशीत लिहिलं.

आई नरपडला असते. ऐंशी ओलांडली तिने; जन्मभर मासे विकले. “माझं काम बघायला चल,” म्हटल्यावर ती लगेच निघाली, अबोलीचा गजरासुद्धा घेतला. लेकीचं कौतुक करायला येतेय असं वाटून मी शेफारले.

तिने एकाही पाटीकडे पाहिलं नाही. नांगरवाल्याला हात लावला, समुद्राकडे तोंड केलं आणि पावलं मोजायला लागली. तिसऱ्या पावलाला भिंत आली.

“हितं भिंत नव्हती,” ती म्हणाली.

“भिंत जुनीच आहे, आई. दगड मी हलवला.”

ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “तुझ्या आदी एक झाला होता गो. बारशाआदीच गेला.”

साठी आली तरी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इतक्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. किनाऱ्यावर कुत्री उकरतील म्हणून बाबांनी त्याला या भिंतीच्या आत आणलं होतं. दरवर्षी मासे विकून येताना आई इथे वळायची. नांगरवाल्यापासून समुद्राकडे सात पावलं, एवढीच तिच्याकडे खूण.

“पण याच्याजवळ का?”

“दर्यावरचा माणूस ना तो. आपल्यातला. पोरावर नजर ठेवील म्हटलं.”

आईला वाचता येत नाही. तरी मी जाऊन कारकुनाची ती पाटी पाठीआड करून उभी राहिले.

मला स्वतःचा भयंकर राग आला. कोणी न सांगता केलेली हौस, आणि वर पाट्या! नशीब एवढंच की नांगरवाल्याच्या दगडाचा मूळ खड्डा मीच शिंदीच्या झाडापाशी खडी टाकून बुजवला होता आणि ती खडी अजून दिसत होती. मी आईला तिथे नेलं. ती मात्र चालेना.

“माजी पावलं आखडली आता. दर साली एकदोन जास्त घेते, अंदाजानं. तू चाल. तू माज्यासारकी चालतेस.”

शाळेत मला याच चालीवरून चिडवायचे, डोक्यावर माशांची टोपली घेतल्यासारखी चालते म्हणून. ती चाल मोडायला मी बरीच वर्षं घालवली. आता खडीवर उभी राहून ती आठवली. मान ताठ, कंबर सैल, पाऊल झपझप. एक, दोन, तीन. सातव्याला थांबले.

आई हळूहळू माझ्यापर्यंत आली, गुडघे धरत खाली बसली. गजरा माझ्या पायांजवळ ठेवला आणि माझा घोटा हातात घट्ट धरला.

“आता तू तरी हलू नको,” ती म्हणाली.