नवसाची गुलबक्षी

शाळेत काहीही हरवले की आमच्या विज्ञानाच्या बाई चष्मा कपाळावर सारून एकच वाक्य बोलायच्या. खडू असो, किल्ली असो, नाहीतर एखाद्या मुलीचे डोके. "गेलं नाही वं, लपून बसलं आहे."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लकडगंजकडच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी होतो. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. फुलांचे रंग आईबापांकडून पिल्लांकडे कसे जातात, हा धडा पुस्तकात वाटाण्यावर होता. बाईंना तो नुसता वाचून दाखवणे पटेना. त्यांनी शाळेमागे एका वाफ्यात लाल आणि एका वाफ्यात पांढरी गुलबक्षी लावली.

गुलबक्षी दिवस कलल्यावर उमलते, हे तुम्ही पाहिलेच असेल. दुपारच्या सुट्टीत बाई लाल झाडाची मिटलेली कळी चिमट्याने उघडून आतले परागाचे तंतू काढून टाकायच्या. शाळा सुटली की त्यावर पांढऱ्या फुलाचा पराग लावायच्या आणि खूण म्हणून देठाला पांढरा दोरा बांधायच्या. तोंडाने पुटपुटत मोजणी चालायची. घोटाळा झाला तो या पुटपुटण्याने. मुलींना वाटले, बाई नवस बोलून राहिल्या!

सहामाही तोंडावर होती. आठ दिवसांत लाल झाडांची एक फांदी दोऱ्यावाचून उरली नाही. एकीने गणितासाठी बांधला, एकीने भावाच्या नोकरीसाठी, आणि दोरा सगळ्यांनी पांढराच घेतला. माझे डोके फिरले. मी सरळ कात्री घेऊन गेले.

"काहून कापतेस?" बाईंनी हात धरला. "कोणाच्या तरी मनातलं असते वं ते."

"मग तुमचं बी कोणतं, कसं कळणार?"

"रंगच सांगते ना!"

हेडमास्तरांना ती जागा सायकल स्टँडसाठी हवी होती. दोऱ्यांनी भरलेली झाडे बघून ते हसले. बाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर त्यांना ऐकवले, "पुढच्या पावसाळ्यात याच्यातून गुलाबी येईल, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्या गुलाबीतून पांढरी. नाही आली, तर मी आयुष्यभर खोटं शिकवलं म्हणा आणि करा स्टँड."

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी दोऱ्याचे सगळे बी पेरले. बहुतेक झाडांना लालच फुले आली, पण सात झाडे स्वच्छ गुलाबी निघाली. "लाल ते पोरींच्या नवसाचे, गुलाबी ते माझे," बाई म्हणाल्या. मी मराठीची बाई, पण त्या दिवशी मला विज्ञान आवडले. लाल रोपे त्यांनी मुलींना घरी वाटून टाकली.

उरली पांढरी. उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या आणि पारशिवनीला भावाकडे गेल्या. गुलाबीचे बी जाताना माझ्या हाती दिले. मी पेरले, चाळीस झाडे जगली. पहिली फुले गुलाबी आली, मग लाल. हेडमास्तर रोज मागे चक्कर मारायचे. बाई तिकडे आजारी आहेत, असे कळले होते.

मग एका संध्याकाळी एका झाडावर फक्त पांढरी फुले उमलली. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्याची कळ्यांची फांदी ओल्या रुमालात गुंडाळली आणि एसटी धरली. बाई खाटेवर होत्या, फार वाळल्या होत्या. फांदी त्यांच्या हातात दिली. पाचच्या सुमारास ती तिथेच उमलली. बाईंनी फांदी डोळ्यांजवळ नेली.

"काहून तोडली वं? बी धरलं असतं ना!"

मला रडू आले आणि हसूही आले.

"चारात एक, म्हणजे चाळीसात दहाएक येतील पांढरी," त्या म्हणाल्या. "मोजत राह."

नवरात्र सरता सरता शेवटचे झाड फुलले. हेडमास्तर स्वतः माझ्याबरोबर वाफ्यात उतरले आणि आम्ही दोघांनी मिळून मोजली. पांढरी अकरा भरली. त्यांनी पुन्हा कधी स्टँडचे नाव काढले नाही. बाईंना जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.