भाडं जाईल तिकडे सहल

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात लहान पोरं असली की ते वाळलेल्या कपड्यांसारखे खाटेवर साचत जातात. घडी घालायला कुणालाच सवड नसते आणि पाहुणा आला की सगळा ढीग एकदम दिसतो! परवा माझी बहीण अकोल्याहून आली आणि म्हणाली, "तुम्ही लोक पोरांना घेऊन फिरता तरी कुठे गं?" मी सांगायला बसले, तर चहा पुन्हा गरम करायची वेळ आली.

आधी मंडळी सांगते. अमडापुरात एका गल्लीत आमची तीन घरं लागून. एक आमचं. आमचे हे मोटारपंप दुरुस्त करतात आणि आमचा गोलू तोंड बंद करत नाही. दुसरं रफिकभाईचं. त्यांचा टेम्पो, सलमाभाभी आणि त्यांची झोया. तिसरं सुनंदाचं. तिच्या वाट्याला थोडं कोरडवाहू शेत, बाकी दुसऱ्याच्या वावरात मजुरी. नवरा विजय पुण्याला एका सोसायटीत वॉचमन, कारण नुसत्या कापसावर घर चालेना. आणि त्यांची यशू.

यशू तीन वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. एक शब्द नाही! कान चांगले होते, डॉक्टर म्हणाले, "थांबा, बोलेल." सगळं तिला कळायचं. हसायची, रुसायची, गोलूला चापट मारायची, पण आवाज म्हणून नाही.

सुनंदा एकदा मला म्हणाली, "वहिनी, मले आई म्हनून हाक नाही मारली तरी चालते. पन उद्या कुठी हरपली, त कोनाची कोन म्हनून सांगीन थे?"

मी यशूला उचलून मांडीवर घेतलं. 

*

आमच्या सहलीचा नियम एकच. रफिकभाईचं भाडं जिकडे, तिकडे सहल! ठिकाण आपण निवडायचं नाही. टेम्पो तसाही जाणारच असतो, मग मागे ताडपत्री अंथरून आपण बसायचं.

पहिलीच सहल निघाली चिखलीला, टिनपत्रे आणायला. मी पोरांना नवे कपडे घातले, पावडर लावली, आणि पोचलो कुठे, तर पत्र्याच्या दुकानात! मला रडूच येत होतं. रफिकभाईनं माझं तोंड पाहिलं. काही न बोलता एक पत्रा उभा धरला आणि दोन्ही हातांनी हलवला.

गडगडाट! पोरं जागच्या जागी थिजली. डोळे एवढाले. मग तिघंही पत्र्याला हात लावायला धावली. दुकानदार बिचारा चांगला माणूस, त्यानं एक लहान तुकडा पोरांच्या हवाली केला.

घरी आल्यावर आजीनं गोलूला विचारलं, "काय पाह्यलं रे?"

"आभाळ! दुकानात उभं करून ठेवलं होतं!"

*

धामणगाव बढेला जाताना मोताळ्याच्या पुढे टेम्पो पंक्चर झाला. ऊन मी म्हणत होतं. एका बाभळीच्या विरळ सावलीत बसून आम्ही डबे उघडले. आता या पोरांची तऱ्हा अशी, की आपल्या घरचा डबा कुणीच खात नाही. गोलूला सलमाभाभीच्या हातची खिचडी लागते, झोयाला सुनंदाची भाकरी आणि ठेचा, आणि यशू माझ्या डब्यातल्या शेवया बोटांनी उचलून खाते. ठेच्यानं झोयाच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी हात थांबत नव्हता. तिकडे रफिकभाई घामाघूम होऊन चाक काढताहेत, इकडे पोरं जॅकच्या दांड्याला घोडा करून बसलेली. चाक वर उचललं गेलं तेव्हा तर पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

पुढच्या खेपेला टेम्पो धड गेला आणि धड परत आला. गल्लीत उतरल्यावर झोयानं भोकाड पसरलं.

सलमाभाभी म्हणाल्या, "क्या हुआ बेटा? कुठी लागलं का?"

"पंक्चर काऊन नाही केलं अब्बानं!"

*

शेगावला तर आम्ही बरेचदा जातो. रफिकभाईचा माल उतरेपर्यंत आम्ही मंदिरात दर्शन घेऊन स्टेशनवर जाऊन बसतो. पोरांना नुसत्या गाड्या दाखवल्या की दिवस सरतो. एक्स्प्रेस धाडधाड करत न थांबता गेली, की तिघंही माझ्या पदरात शिरायची आणि ती गेली, की पुन्हा बाहेर येऊन रुळांकडे बघत बसायची. मला खरं सांगायचं तर त्या गाडीपेक्षा यांच्या तोंडांकडेच बघत राहावंसं वाटायचं. एवढं नवल आपल्याला शेवटचं कधी वाटलं होतं?

एकदा एक भरलेली गाडी समोर येऊन थांबली. खिडक्याखिडक्यांतून माणसं. गोलू बराच वेळ बघत राहिला, मग गंभीरपणे म्हणाला, "आई, एवढे लोकं कोनाच्या भाड्यासोबत चालले?"

*

त्याच शेगावात यशू हरवली.

प्रसादाच्या रांगेत सुनंदाच्या हातातून बोट सुटलं आणि मागे वळून पाहते, तर पोरगी नाही! सुनंदाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ती ओरडतही नव्हती. म्हणायची, "हाक मारून काय फायदा वहिनी, थे ओ देनार हाय का?" आणि तरी गर्दीत खाली वाकून प्रत्येक पोराचं तोंड बघत फिरत होती. आमचे हे एकीकडे धावले, मी एकीकडे, सलमाभाभी झोया आणि गोलूला घट्ट धरून रडायच्या बेतात.

शेवटी रफिकभाईचा निरोप आला. यशू टेम्पोत होती! रिकाम्या पोत्यांवर गाढ झोपलेली. एवढी गर्दी, एवढे रस्ते, ओळीनं उभ्या गाड्या, आणि त्यातून ही वीतभर पोरगी कुणाला काही न विचारता आपला टेम्पो हुडकून आली. कशी आली, कुणास ठाऊक. आम्ही मोठी माणसं नुसती तिच्याकडे बघत उभी राहिलो. सुनंदानं तिला उठवलं नाही, शेजारी बसून तिचे पाय दाबत राहिली.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवर पुकारा झाला. अमडापूरचे एक गृहस्थ आपल्या माणसांपासून चुकले आहेत, त्यांच्या नातेवाइकांनी यावं.

आमचे हे!

रफिकभाई सुनंदाला म्हणाले, "भाभी, तुम्ही यशूचं टेन्शन सोडा. बोलनारेच हरपून राह्यले!"

*

मग उपाय सुरू झाले. कुणी म्हणालं वेखंड उगाळून जिभेला लावा, लावलं. कुणी म्हणालं मध चाटवा, चाटवला. मग रफिकभाईच्या आईनं सांगितलं, की पोपटानं उष्टावलेला पेरू दिला की लेकरू पोपटासारखं बोलतं.

झालं! रफिकभाईनं पुढच्या भाड्याला टेम्पो आडवाटेला घातला. जिथं पेरूचं झाड दिसेल तिथं ब्रेक. एका मळेवाल्यानं विचारलं, "काय पाह्यजे भाऊ?" रफिकभाई म्हणतात, "खराब पेरू हाय का?" तो म्हणाला, "चांगले नेत नाही कोनी, तुमी खराब इचारता!" पण कारण कळल्यावर तो माणूस काम सोडून स्वतः झाडाखाली उभा राहिला. सगळ्यांनी मान वर करून पोपट येण्याची वाट पाहिली. पोपट आला. त्यानं चोच मारली. मळेवाल्यानं तो पेरू अलगद तोडून ओंजळीत दिला.

सलमाभाभीनं तो पदराखाली झाकून घरी आणला, धुतला, ताटलीत ठेवला आणि यशूला हाक मारायला बाहेर गेल्या. परत येऊन बघतात, तर ताटली रिकामी आणि गोलूच्या हनुवटीवर बिया.

रफिकभाई खाटेवर बसले. "या अल्ला. आता याले कोन चूप करीन?"

*

विजयभाऊंचा फोन रोज यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "बोलली का?" सुनंदा म्हणायची, "नाही अजून." मग फोन यशूच्या कानाला. ती फोन दोन्ही हातांनी धरून ऐकायची, डोळे मोठे करून. तिकडून विजयभाऊ विचारायचे, जेवली का, गोलूनं मारलं का, टेम्पोत बसली का. इकडून नुसता श्वास.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, फोन कट करू का? ती काही बोलत नाही."

ते म्हणाले, "राहू द्या ना वहिनी. आयकून राह्यलो मी."

*

त्या साली कापसावर गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडून पाहावं तर आत किडा आणि डाग. अळी लागू नये म्हणून बीटी बियाणं महागाचं आणलेलं, तरी. गल्लीत सगळे गप्प गप्प असायचे. पोरांना मात्र एक नवीन खेळ मिळाला. सुनंदाच्या वावरातून त्यांनी अळ्या आणल्या आणि काडेपेटीत पाळल्या. झोया त्यांना रोज पाला घालायची.

अशात एका बियाण्याच्या कंपनीचा माणूस गावात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात माईक, मागे मोठं चित्र. "आमच्या या नव्या वाणाला अळी शिवतसुद्धा नाही!" लोक पारावर बसून ऐकत होते. झोया उठली, थेट त्याच्यापुढे गेली आणि काडेपेटी उघडून धरली.

"अंकल, हिले सांगा ना. हिले मालूम नाही!"

पार असा हसला, की माईकवाल्याला चित्र गुंडाळावं लागलं. किती दिवसांनी माणसं हसत होती!

*

आणि आता जिनिंगचा किस्सा सांगते.

त्याच हंगामात रफिकभाईला खामगावकडच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, भाडं लागलं. गल्लीतल्या, शेजारच्या सगळ्यांचा कापूस एका टेम्पोत. सुनंदाचा स्वतःचा म्हणाल, तर दोन गाठोडी. बाकी हंगामभर तिनं वेचला तो लोकांचा. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं चिरलेली, भाकरी मोडतानाही तोंड वाकडं व्हायचं. ती म्हणाली, "मी नाही येत वहिनी, काय पाह्याचं हाय थ्या दोन गाठोड्याचं?" मीच ओढून नेली.

आत गेलो आणि मी स्वतःच थबकले. कापूस मी जन्मल्यापासून पाहते. पण एवढा! आवारात डोंगर उभा होता, पांढराशुभ्र. वर चढलेले हमाल बोटाएवढे दिसत होते. हवेत तंतू उडत होते, आमच्या केसांवर, पापण्यांवर बसत होते. गोलूनं तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही निघालं नाही. झोयानं अब्बाचा पायजमा धरला.

आमचा टेम्पो रिकामा झाला. सुनंदाची दोन गाठोडी गाठ सोडून उलटली, आणि तो कापूस डोंगराच्या पायथ्याला पडून दिसेनासा झाला. सुनंदा तिथंच बघत उभी होती. आमच्या बाजूला एक म्हातारे शेतकरी आपल्या बैलगाडीतला कापूस उतरवत होते. ना ओळख, ना पाळख.

यशूनं माझा हात सोडला. डोंगरापुढे जाऊन मान मागे टाकून पार शेंड्यापर्यंत पाहिलं. मग वळली, सुनंदाच्या पदराला हिसका दिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"आई, एवढं सारं तूनं येचलं?"

सुनंदा तिच्यापुढे खाली बसली. यशूचे दोन्ही दंड धरले. "काय? काय म्हने माय? पुन्हा इचार. पुन्हा इचार ना वं!"

"एवढं सारं तूनं येचलं?"

सुनंदा तिचं तोंड कुरवाळत राहिली. रफिकभाईनं तोंड फिरवलं. मी तर रडतच होते. पोरगी आईच्या तोंडाकडे बघत उत्तरासाठी थांबलेली.

तेव्हा त्या म्हाताऱ्या बाबांनी हातातला आपला कापूस ढिगावर टाकला, डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं आणि तिच्यापुढे वाकून म्हणाले,

"हाव माय. समदं तुह्या मायनंच येचलं. म्या पाह्यलं ना!"