मधलं ठिकाण

कुरिअरच्या कचेरीत त्यांना सगळे ‘मार्गे’ म्हणत. कुठे निघालात विचारलं, की ठिकाणाआधी वाट सांगायचे: “बाजारमार्गे, शाळेत.”

हल्ली त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. मालकीणबाई म्हणाल्या, “गावातल्या कुठल्याही ठिकाणाहून कुठल्याही ठिकाणी जवळची वाट कोणती, ते एका तक्त्यात मांडून द्या. जमलं, तर खिडकीजवळची खुर्ची तुमची. नाहीतर सायकल आहेच.”

मार्गेंनी रविवारभर जमिनीवर कागद अंथरला. एक जोडी धरायची, मधे एकेक ठिकाण घालून बघायचं, वाट कमी झाली की जुना आकडा खोडायचा, मग पुढची जोडी. सोमवारी बाईंनी ‘छापखाना ते शाळा’ विचारलं. तक्त्याने ऐटीत हमरस्ता दाखवला.

“काका, बाजारातून दवाखान्याच्या गल्लीत शिरा की!” एक सायकलवाला फिदीफिदी हसला. बाईंनी नुसतं सायकलीकडे बघितलं.

घरी बायकोने तक्ता डोळ्यांखालून घातला. “अहो, छापखाना-शाळा उरकलीत, तेव्हा छापखाना-दवाखान्याचा आकडा जुनाच होता. बाजारमार्गे तो कमी झाला, पण नंतर.”

“मग काय, सारखं मागे वळून बघत बसू?”

“उलटं करा. मधलं ठिकाण धरा. आधी बाजार. गावातल्या सगळ्या जोड्या बाजारमार्गे घालून बघा. मगच दवाखाना. तोवर बाजाराने वाचवलेलं सगळं हाताशी असेल.”

“हे गं कुठून सुचलं तुला?”

“तुमच्या आत्या लग्नं जुळवायच्या, तेव्हा बघितलंय. एका घरात शिरल्या, की तिथून निघतील तेवढ्या सगळ्यांच्या सोयरिकी लावूनच उठायच्या.”

मार्गेंना पटलं होतं, पण तसं दाखवायचं कशाला? “बघतो,” म्हणत ते पुन्हा कागदावर ओणवे झाले.

दुसऱ्या दिवशी तक्त्याने छापखान्यातून बाजार, बाजारातून दवाखान्याची गल्ली आणि शाळा असं बरोबर सांगितलं. सायकलवाल्याने हट्टाने आणखी जोड्या विचारल्या. एकदाही त्याची वाट तक्त्यापेक्षा जवळची निघेना. बाईंनी खुर्चीवरची पाकिटं उचलली. “बसा.”

मार्गेंनी बसल्याबसल्या घरी फोन लावला.

“मिळाली गं खुर्ची! बाईंना सांगितलं, युक्ती आमच्या आत्याची.”

“आणि मी?”

“तू मधलं ठिकाण.”

पलीकडून आवाज आला, “या घरी. बघते तुमच्याकडे.”