बंद घरातला धूर

मागच्या महिन्यात एका मंगळवारी मोखाड्याच्या पुढच्या एका पाड्यावर, कुणी राहत नसलेल्या घरातून धूर येताना दिसला... आणि खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, सापडले एकदाचे!

मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. सध्या घरकुलाच्या यादीची पडताळणी चालू आहे. घरोघरी जायचं, मोबाईलवर घराचा फोटो काढायचा आणि शेरा लिहायचा... नाव वर राहणार की मागे पडणार, ते त्या शेऱ्यावर ठरतं.

यादीत किसन आणि सुनीताचं नाव बरंच वर होतं. दिवाळी झाली की दोघं पोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ते थेट पावसाच्या तोंडावर येतात. मधे शिमग्याला आले तर दोन दिवस.

त्यावरून गावातल्या एकाने आमच्याकडे तोंडी तक्रार केली होती. भट्टीवर कमावतात, जुनी का होईना मोटारसायकल घेतली, अर्धं वर्ष घर बंद... मग यांना घरकुल कशाला? जो इथे राहतो त्याला द्या की!

मला ते शंभर टक्के पटलं होतं. तसा माझा स्वभावच आहे तो. रेशनच्या रांगेत उभी राहिले तरी कुणाच्या कानात काय आहे, कुणाच्या हातात कुठला मोबाईल आहे, सगळं टिपून ठेवते. आमची आई म्हणते, तुला तहसीलदारच करायला हवं होतं...

तर तो धूर किसनच्याच घरातून येत होता. मी ठरवूनच टाकलं की यांनी घर दुसऱ्याला राहायला दिलंय. चप्पल काढायचंही भान राहिलं नाही, मोबाईल पुढे धरून तशीच आत घुसले.

आत चूल पेटलेली, पण चुलीवर काहीच नाही. ना तवा, ना पातेलं. नुसता ओला पाला आणि गोवऱ्या धुमसत होत्या आणि पुढ्यात शेजारची जनीआजी नाकाला पदर लावून बसली होती.

"आजी, इथं काय करताय?" मी जरा कडक आवाजातच विचारलं.

"धूर," आजी म्हणाली. एवढंही कळत नाही का, अशा सुरात.

मग तिने माझा हात धरून मला भिंतीपाशी नेलं. कारवीच्या काड्यांचा कुड, वर बांबू. बोट लावलं तर पिठासारखा भुगा खाली पडला. घरात रोज चूल पेटली की धुराने कुडाला, बांबूला कीड लागत नाही. घर बंद राहिलं की वाळवी आणि भुंगा मिळून ते खाऊन टाकतात. म्हणून आजी आठवड्यातून दोनदा येऊन त्यांच्या चुलीत आपल्या घरचं सरपण जाळते.

"गेले साली मी तापाने पडली, म्हयनाभर धूर नाय केला," ती म्हणाली. "मागली भित बसली ना! सगला पावसाला किसन, सुनीता नि पोरा माझेच घरात होती."

घर बंद असतं म्हणून यांना घर नको, असं आम्ही म्हणत होतो... आणि बंद असतं म्हणूनच तर ते पडत होतं. जव्हारला जन्म गेला माझा, पण स्लॅबच्या घरात. हे मला कुठून ठाऊक असणार?

शेरा लिहायला मोबाईलवर यादी उघडली, तर किसनच्या लगेच खालचं नाव जनीआजीचं. म्हणजे किसनचं नाव मागे गेलं की हिचं वर येणार. हिचं घर मी सकाळीच बघून आले होते, पुढचा खांब दोरीने बांधून उभा केलेला.

सांगू की नको, असं झालं... शेवटी सांगितलं. तिच्यापासून ते लपवणं मला बरं वाटेना.

आजीने हातातली फुंकणी खाली ठेवली. तिला घर नको होतं असं मुळीच नाही, हवंच होतं. तोंडावर दिसत होतं तिच्या.

"मंग माझा कदी येल?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

मग चुलीत एक गोवरी सरकवत म्हणाली, "मी हितंच हाय, बाय. माझी चूल रोज पेटते, माझा घर ऱ्हायेल अजून. तेंचा पडला त ती तिकडंच ऱ्हातील. मंग ही पोरा पाड्यावर येतील कशाला?"

मला रडू आलं. तिथेच, चुलीपुढे. आजीला वाटलं मला धूर लागला... तिने मला दारात नेऊन बसवलं आणि आपल्या घरून तांब्याभर पाणी आणून दिलं.

मग मी शेरा लिहिला. 'कुटुंब मजुरीसाठी बाहेर. घर राहण्यालायक नाही. घराची गरज आहे.' फोटो मात्र दोनदा काढावा लागला, पहिल्यात नुसता धूरच आला होता.

तक्रार करणाऱ्याला मी काही बोलले नाही. कालपर्यंत मीही त्याच्याच बाजूची होते ना! फक्त म्हटलं, एकदा आजीबरोबर त्या घरात जाऊन बस. तो हसला... पण जातो म्हणाला.

किसन-सुनीताचं नाव जिथल्या तिथे राहिलं आहे. मंजुरी कधी येईल ते माझ्या हातात नाही. पण आता रोज सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर चालू केला की मी ती यादी उघडते... आणि सगळ्यात आधी आजीचं नाव शोधते, एका ओळीने तरी वर सरकलंय का ते बघायला.