खाणीतल्या खेळाडूची उरलेली गोष्ट

घाटकोपरच्या मैदानावर आमचे कोच आम्हाला पळवून पळवून दमवायचे आणि मग एक गोष्ट हमखास सांगायचे. शंभर वर्षांपूर्वीचा स्कॉटलंडचा कोणी फुटबॉलवाला. कोळशाच्या खाणीत राबणारा पोरगा. डाव्या पायाने बॉल घेऊन निघाला की समोरच्यांची भंबेरी उडायची. खाणीतून निघाला तो थेट देशाकडून खेळला. गोष्ट इथे संपायची. आमचे बाप गिरणीत. आम्हाला तेवढी पुरायची.

माझाही डावा पाय चालायचा. त्याच्याच जोरावर कुर्ल्याच्या एका कारखान्यात लागलो. तिथली पद्धत अशी, की कारखान्याच्या फुटबॉल टीममधल्याने सकाळी कार्ड पंच करायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीनजवळ उभं राहायचं आणि मग मैदान गाठायचं. माझं लेथ मशीन शेजारचा कामगार सांभाळायचा. कप आणला की साहेब खांद्यावर हात टाकायचे. तुला काम शिकून काय करायचंय, असं सगळेच म्हणायचे. मलाही ते गोड लागायचं.

गुडघा गेला आणि मी लेथवर परत आलो, तर घडवायचा साधा तुकडाही मशीनवर लावता येईना. नवी पोरं तोंड फिरवून हसायची. शेजारच्याला म्हटलं, जरा शिकव. तो म्हणाला, "इतकी वर्षं तुझं काम मीच ओढलं ना रे? आता शिकवू पण मीच?" त्याचं काय चुकलं? तरी राग अजून आहे. रिटायर होईपर्यंत मी स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे वाटले.

गेल्या वर्षी नातीची बाहेरगावच्या फुटबॉल अकादमीत निवड झाली. मुलगा मला म्हणाला, "बाबा, तिच्या अकरावीची वाट लागेल. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल ती."

कोचांची गोष्ट मी तिला लहानपणापासून सांगत आलोय. त्या दिवशी मी काही बोलायच्या आत तीच मोबाइल घेऊन आली. "आजोबा, तुमचा तो खेळाडू सापडला! खेळणं सुटल्यावर परत खाणीत गेला माहितीये? म्हातारा होईपर्यंत तिथेच. भारी ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं शिकलेल्या कोचांना हे ठाऊक नव्हतं? आम्हाला अर्धीच गोष्ट पाजली आणि मैदानावर सोडून दिलं.

मग उरलेली अर्धी मी तिला सांगितली, माझी. लेथ, पोरांचं हसणं, हातमोजे, सगळं.

आता ती मुलुंडला क्लासला जाते. बूट माळ्यावर गेलेत. मुलगा खूश आहे. जन्मभर या घरात माझा शब्द कोणी मानला नाही, हिने मानला.

परवा मी गॅलरीत उभा होतो, ती क्लासहून येत होती. खाली सोसायटीत खेळणाऱ्या पोरांचा बॉल घरंगळत तिच्या पायाशी आला. तिने पाय मागे घेतला, वाकून तो हाताने उचलला आणि त्यांना नेऊन दिला.