पीसेकचा दगडी पूल

माझी फजिती ऐकायचीय? ऐका, पण हसायचं ते चहाचा घोट गिळून!

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. साताऱ्याहून सासरे आले होते. अण्णा, इतिहासाचे निवृत्त मास्तर. काहीही दाखवलं की विचारायचे, “जावईबापू, याहून जुनं काही नाही का हो इथे?”

मी इरेला पेटलो! शेजारच्या मार्ताबाईंना हे सांगितलं, तर म्हातारीचे डोळेच चमकले.

“जुनं? आमच्या पीसेकला या! नदीवर दगडी पूल आहे, सातशे वर्षांचा. राजाचा किल्ला आहे. नदीच्या वाळूत सोनं सापडायचं, म्हणून तर गाव वसलं!”

बाईंचे उच्चार युरोपातले. मला वाटलं, पिस्कॅटवेलाच लाडानं पीसेक म्हणतात! नदी तर होतीच की आमच्याकडे, रॅरिटन.

सातशे वर्षांपूर्वी अमेरिकेत राजा कुठला, म्हणता? अण्णाही तेच म्हणाले.

“अण्णा, तुम्ही गाडीत बसा!”

शनिवारभर नदीकाठ पालथा घातला. पूल दिसला की ब्रेक! एक लोखंडी, बाकी सगळे काँक्रीटचे. सुनंदा, म्हणजे आमची बायको, चाळणी देईना, म्हणून चहाच्या गाळणीनं वाळू गाळली. तेवढ्यात पोलीस आला.

“काय चाललंय, सर?”

“सोनं शोधतोय. बरं, इथला किल्ला कुठे आहे हो?”

त्यानं मला नीट न्याहाळलं आणि मिनी गोल्फचा रस्ता दाखवला. तिथे किल्ला होता. प्लायवुडचा! अण्णांनी बोटानं टकटक वाजवून पाहिला.

चिखलानं माखून परतलो, तो मार्ताबाई अंगणातच.

“बाई, तुमचा पूल नक्की कुठल्या नदीवर?”

“ओतावा!”

“बघा अण्णा! ओटावा म्हणजे कॅनडात आहे! पुढच्या शनिवारी निघू!”

“कॅनडा नाही हो,” बाई हसून हसून कुंपणाला टेकल्या. “ओतावा नदी, चेकोस्लोव्हाकियात. पीसेक माझं माहेर. पीसेक म्हणजे आमच्या भाषेत वाळू!” मग डोळे पुसत म्हणाल्या, “पण माझ्या गावासाठी एवढी धडपड आजवर कुणीच केली नव्हती.”

मी छाती जरा फुगवली. तेवढ्यात सुनंदा दारात आली आणि मागून अण्णांचा आवाज आला.

“सुनंदा, तुझं लग्न ठरवताना मी यांची पत्रिका पाहिली, डिग्री पाहिली. भूगोलाचे मार्क तेवढे विचारायचे राहिले गं!”